आजार मनाचा, उशीर लोकलज्जेचा
- प्रतिनिधी

मधुमेहाची गोळी चारचौघांत घेतली जाते. मनाच्या आजाराची गोळी मात्र कपाटात कपड्यांखाली दडवली जाते. रुग्णाचे मोठे नुकसान ही लपवाछपवीच करते. बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात देशातील १०.६ टक्के प्रौढांना मानसिक आजार असल्याचे आढळले. आजाराच्या प्रकारानुसार त्यांतील ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते. मानसोपचारतज्ज्ञांची कमतरता हे त्याचे एक कारण. दुसरे, 'लोक काय म्हणतील' ही भीती.

नैराश्यात झोप उडते, भूक मंदावते, कामात मन लागत नाही. घरच्यांना तो आळस वाटतो. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला भास होऊ लागले, की बाहेरची बाधा समजून देवऋषी गाठला जातो. त्यात महिने, कधी वर्षे जातात. 'लग्न झाले की सुधारेल' हा सल्ला तर सर्वांत घातक. आजार लपवून लग्न लावले, की सासरी कळू नये म्हणून औषधे बंद होतात. मग आजार उलटतो आणि दोन्ही कुटुंबे होरपळतात. उपचार जितके लवकर सुरू होतील, तितकी सुधारणेची शक्यता अधिक असते.

औषधांविषयीही गैरसमज आहेत. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. तोवर धीर सोडू नये. या औषधांचे व्यसन लागत नाही. मात्र, ती एकाएकी थांबवल्यास त्रास होऊ शकतो, म्हणून डॉक्टर त्यांची मात्रा हळूहळू कमी करतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते. त्यामुळे कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने सुरू वा बंद करू नये.

कायदाही रुग्णाच्या बाजूने आहे. २०१८ मध्ये लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीची वागणूक मिळण्याचा हक्क दिला. आरोग्य विम्यातही असा भेदभाव करता येत नाही. रुग्णाच्या आजाराची माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टर आणि रुग्णालयांवर बंधनकारक आहे. कायद्यात नमूद केलेले मोजके अपवाद वगळता ती इतरांना देता येत नाही.

सुरुवात फॅमिली डॉक्टरपासूनही करता येते. थायरॉइडच्या विकारातही नैराश्यासारखी लक्षणे दिसतात. त्याचा उलगडा साध्या रक्ततपासणीने होतो. गरज भासल्यास ते मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य सल्ला मिळतो, तोही मराठीतून. आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्याला एकटे सोडू नये, त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.

'मनाला लावून घेऊ नकोस' असे सांगून आजार जात नाही. 'चल, मी तुझ्याबरोबर डॉक्टरांकडे येतो', एवढे म्हणणारे माणूस घरात असले, तरी निम्मी वाट सोपी होते.