यॉट नौकेची दंतचक्र पेटी : दोषनिदान व दुरुस्ती

शिडाच्या क्रीडानौकेत, म्हणजे यॉटमध्ये, डीझेल एंजिन आणि मळसूत्री पंख्याचा दंड यांच्यामध्ये जी यंत्रणा बसविलेली असते, तिला दंतचक्र पेटी किंवा गिअरबॉक्स म्हणतात. एंजिनाची गती सामान्यतः दोन ते तीन पटींनी कमी करणे, पंखा उलट फिरविणे आणि एंजिन चालू असतानाही पंखा त्यापासून अलग ठेवणे ही तिची कामे होत. बहुतेक लहान पेट्यांत पंख्याने दिलेला पुढचा रेटाही पेटीतील धारव्यांवरच, म्हणजे बेअरिंगांवरच, पडतो. शिडाच्या नौकेत एंजिन थोडाच वेळ चालते; परंतु तो वेळ बंदरात शिरण्याचा, वारा पडल्याचा किंवा खडकाळ किनाऱ्याकडे नौका ढकलली जात असल्याचा असतो. म्हणून पेटीतील दोष आधीच ओळखता येणे हा नौकेच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

लहान पेट्यांत मुख्यतः तीन प्रकारचे क्लच आढळतात. जर्मनीतील हर्थ (पुढे झेडएफ) बनावटीच्या पेट्यांत तबकड्यांचा क्लच असतो व तो दाबण्यास दंडाच्या फिरण्याचेच साहाय्य होते. जपानी यान्मार बनावटीच्या अनेक लहान पेट्यांत शंक्वाकार क्लच असतो. मोठ्या एंजिनांना तेलाच्या दाबावर चालणारी द्रवीय पेटी जोडतात.

दोषनिदान : एंजिनाचे फेरे वाढतात पण नौका पुढे सरकत नाही, ही नेहमीची तक्रार. अशा वेळी पेटी उतरविण्याची घाई केली जाते. प्रत्यक्षात दोष पुष्कळदा पेटीबाहेर असतो. नौका धक्क्याला भक्कम दोरांनी बांधून, एंजिनाचे झाकण उघडून व सैल कपडे दूर ठेवून एका व्यक्तीने दंडाकडे पाहावे आणि दुसरीने नियंत्रक दांडा पुढे करावा. पेटीमागील कपलिंग फिरते परंतु दंड फिरत नाही, तर चावी तुटलेली किंवा कपलिंगचे स्क्रू ढिले झालेले असतात. हा दोष सर्वांत घातक होय. कारण उलट गती देताच सुटा दंड मागे सरकून सुकाणूवर आदळतो, किंवा पूर्ण निसटल्यास त्याच्या नळीतून पाणी आत शिरते. दंडही नीट फिरत असेल, तर पंखा गळून पडला आहे काय, त्यावर बार्नॅकलांचा थर चढला आहे काय किंवा मिटणाऱ्या पंख्याची पाती उघडतात काय, हे पाहावे.

कपलिंगच फिरत नसेल, तर पेटीवरील तरफेकडे लक्ष द्यावे. केबलचे आवरण पकडणारी पट्टी सैल झाल्यास किंवा केबल गंजल्यास तरफ पूर्ण अंतर सरकत नाही. हर्थ पद्धतीच्या पेटीत तटस्थ स्थितीपासून दोन्ही बाजूंना, तरफेच्या बाहेरच्या छिद्रापाशी मोजले असता, किमान ३५ मिमी. सरक लागते आणि तटस्थ स्थितीत केबल तरफेशी काटकोनात असावी लागते. सरक अपुरी पडली की क्लच अर्धवट पकडतो, घसरतो आणि जळतो; म्हणजे स्वस्त केबलच्या दोषातून महागड्या पेटीचा नाश होतो. केबल सोडून तरफ हाताने शेवटपर्यंत ढकलल्यावर नौका व्यवस्थित ओढू लागली, तर दोष कोठे आहे याबद्दल शंका उरत नाही. मात्र तरफेखालील झाकणाचे स्क्रू सैल करू नयेत. त्याची जागा कारखान्यात जुळवून दिलेली असते.

तेलाची परीक्षा यानंतरची. दुधाळ तेल म्हणजे त्यात पाणी मिसळले आहे. ते झिजलेल्या सीलमधून, नौकेच्या तळाशी साचलेले पाणी पेटीपर्यंत चढल्याने किंवा द्रवीय पेटीतील तेलशीतकाची नळी फुटल्याने येते. सेलड्राइव्ह प्रकारात, जेथे पेटीचा खालचा भाग पाण्यातच असतो, पंख्याच्या दंडाला गुंडाळलेला मासेमारीचा दोरा सील कापतो. खारे पाणी राहू दिल्यास धारव्यांवर खड्डे पडतात. म्हणून सील किंवा शीतक बदलून तेल अनेक वेळा धुऊन काढावे. काळसर व जळका वास येणारे तेल क्लच घसरल्याचे, तर चकचकीत पोलादी कण दाते किंवा धारवे झिजल्याचे लक्षण होय. हर्थ पेटीत स्वयंचलित मोटारपेटीचे पातळ तेल, तर यान्मारच्या शंकू-क्लच पेटीत एंजिनाचे तेल घालतात. ही अदलाबदल चालत नाही.

मंद गतीवर होणारा खडखडाट आणि फेरे वाढवताच त्याचे थांबणे, यांवरून प्रचक्र व पेटी यांमधील कंपनशामक तबकडीच्या स्प्रिंगा ढिल्या झाल्या असल्याचे कळते.

दुरुस्ती : लहान पेटीचे वजन साधारणपणे १० ते २० किग्रॅ. असते. कपलिंग सोडून व दंड मागे सारून ती काढता येते. दंड निसटू नये म्हणून तो आधी बांधून ठेवतात. शंक्वाकार क्लचचा पृष्ठभाग केवळ गुळगुळीत झाला असेल, तर बारीक व्हॉल्व्ह-पेस्टने घासून पुन्हा पकड आणता येते. पेस्टचा कण मात्र मागे राहता कामा नये. जळलेल्या तबकड्या बदलाव्याच लागतात. धारवे बदलताना पातळ चकत्या घालून त्यांवरील ताण जुळविणे हे कुशल कारागिराचे काम आहे. पेटी परत बसविल्यावर कपलिंगांच्या तोंडांतील फट फीलर गेजने चारी बाजूंनी मोजतात, १०० मिमी. व्यासाला सुमारे ०·१ मिमी. पेक्षा अधिक फरक नसावा. हे मोजमाप नौका पाण्यात उतरवून एकदोन दिवस झाल्यावर व डोलकाठीचे दोर ताणलेले असताना घ्यावे, कारण जमिनीवर तिचा आकार किंचित वेगळा असतो.

शिडांवर जाताना पंखा फिरू द्यावा की अडवावा, हे पेटीच्या जातीवर अवलंबून असते. हर्थ पेटी तटस्थ किंवा उलट गतीत ठेवतात, पुढच्या गतीत कधीच नाही. यान्मारच्या शंकू-क्लच पेट्यांबाबत निर्मात्यांनी केवळ तटस्थ स्थितीच सांगितली आहे. काही द्रवीय पेट्यांत तेलाचा पंप एंजिनावरच चालत असल्याने पंखा फार वेळ मोकळा फिरल्यास वंगण मिळत नाही.

समुद्रात केबल तुटल्यास तरफ हाताने चालवून बंदर गाठता येते. काही द्रवीय पेट्यांत दाब नाहीसा झाला, तर क्लचच्या तबकड्या स्क्रूंनी आवळून ठेवण्याची सोय असते. तसे केल्यास तटस्थ व उलट गती उरत नाहीत. एंजिन सुरू होताच नौका पुढे जाऊ लागते आणि पंखा थांबविण्यासाठी एंजिनच बंद करावे लागते.