ईदच्या रंगकामाचा खरा खर्च

रमजानचा दुसरा अशरा सरत आला की आखाडा बाळापूरच्या जुन्या घरांत रंगकामाची लगबग सुरू होते. दिवाळीआधी शेजारी जे चालते, तेच इथे ईदआधी. भांडी ओट्यावर, गाद्या उन्हात आणि दाराशी पॉलिश पेपर घेऊन बसलेला रंगारी. भिंतीला नुसता चुना असेल तर चिंता नाही. चुन्यात शिसे नसते. प्रश्न दारे-खिडक्या आणि गजांवरच्या जुन्या ऑइल पेंटचा आहे.

रंग खुलावा, लवकर वाळावा, लोखंड गंजू नये म्हणून त्यात वर्षानुवर्षे शिशाची संयुगे घातली जात. त्यांतले पिवळे लेड क्रोमेट हळदीच्या या पट्ट्याला वेगळ्या कारणाने ठाऊक असावे. भेसळखोर हळदीला तोच रंग देतात. केंद्र सरकारच्या 2016 च्या नियमाने घरगुती रंगातल्या शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 90 भाग ठरली. अंमल 1 नोव्हेंबर 2017 पासून. पण हा नियम दुकानातल्या नव्या डब्याला लागू. दादा-परदादांच्या काळापासून दारावर चढलेल्या थरांचे काय करायचे, ते घरमालकाच्या खिशावर.

या कामात रंगापेक्षा मजुरी महाग पडते. कोरडे घासले तर काम झटपट उरकते, पण धूळ घरभर बसते. पाणी मारत वॉटर पेपरने घासायचे, खाली प्लास्टिक अंथरायचे, रोज ओल्या फडक्याने फरशी पुसायची म्हटले की दिवस वाढतात आणि मजुरीही. म्हणून अनेक घरांत स्वस्तातला मार्ग निवडला जातो. बत्तीने रंग जाळून काढणे तर त्याहून वाईट, कारण त्या धुरातही शिसे असते.

सगळेच खरवडण्याची गरज मात्र नसते. थर घट्ट असेल, पोपडे सुटले नसतील, तर वरून नवा रंग देणे सर्वांत स्वस्त आणि बरे. खर्च करायचा तो पोपडे आलेल्या जागी आणि दार चौकटीला घासते तिथे. तिथली धूळ रोज पडत राहते. रांगते मूल तोच हात तोंडात घालते. मुलांचे शरीर गिळलेले शिसे मोठ्यांच्या चार-पाच पट शोषते आणि त्याचा घाव मेंदूवर बसतो. शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

रोजा धरून घासणाऱ्या रंगाऱ्याचा हिशेब तर कोणी मांडतच नाही. रिकाम्या पोटी गिळलेले शिसे भरल्या पोटापेक्षा कितीतरी जास्त अंगात भिनते. तोंडाला फडके, मगरिबच्या अजानपूर्वी साबणाने धुतलेले हात-तोंड, मगच खजूर. कामाचे कपडे घरच्या धुण्यात न घालता वेगळे धुवायचे. आणि मजुरी ठरवताना ओल्या कामाचे जास्तीचे दिवस आधीच धरायचे, नाहीतर चाँदरातीच्या घाईत वॉटर पेपर बाजूला पडतो आणि कोरडा पुन्हा हातात येतो.