नवीन वर्षाचा संकल्प : काय धरायचं आणि काय सोडायचं?



नवीन वर्ष आलं की वहीच्या मागच्या पानावर संकल्पांची यादी तयार होते. पहाटे पाचला उठणार, रोज व्यायाम करणार, मोबाईल कमी वापरणार, दोन तास जास्त अभ्यास करणार, चिडचिड करणार नाही. संक्रांतीचा तिळगूळ संपेपर्यंत यातलं बरंचसं बंद पडलेलं असतं. मग मुलं स्वतःलाच म्हणतात, "माझ्यात चिकाटीच नाही."

बहुतेक वेळा दोष चिकाटीचा नसतो, संकल्प मांडण्याच्या पद्धतीचा असतो. शिवाय आपल्याकडे शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं. त्यामुळे १ जानेवारी येते ती ऐन दुसऱ्या सत्रात. दहावी-बारावीच्या मुलांची तर बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली असते. अशा वेळी लांबलचक यादीमुळे ताणच वाढतो. म्हणून एकच संकल्प, पण नीट कसा करायचा, ते आज समजून घेऊ.

१) संकल्प म्हणजे नेमकं काय?

घरी सत्यनारायणाची किंवा गणपतीची पूजा असली की गुरुजी सुरुवातीला यजमानांकडून संकल्प म्हणवून घेतात. त्यात काय असतं, हे कधी लक्ष देऊन ऐकलंय का? आधी आपण कोणत्या देशात, कोणत्या नदीच्या कोणत्या तीरावर आहोत ते येतं. मग शक, संवत्सर, ऋतू, महिना, पक्ष, तिथी आणि वार. मग यजमानाचं गोत्र आणि नाव. आणि शेवटी, कोणतं कर्म करणार आहोत ते. म्हणजे कुठे, केव्हा, कोण आणि काय, या चारही गोष्टी स्पष्ट सांगितल्या जातात. "काहीतरी चांगलं करीन" असं मोघम बोलून तिथे चालत नाही.

आता ही दोन वाक्यं पाहा.

"मी यावर्षी भरपूर वाचन करणार." ही झाली इच्छा.

"रात्री जेवण झालं, ताट उचलून ठेवलं, की मी बाहेरच्या खोलीत बसून पुस्तकाची पाच पानं वाचणार." हा झाला संकल्प.

जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी याच फरकाचा अभ्यास केला. त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक अहवाल लिहून ४८ तासांत पाठवायचा होता. अर्ध्या मुलांना तो कुठे आणि केव्हा लिहिणार हे आधी ठरवायला सांगितलं. त्यांच्यापैकी सुमारे तीन-चतुर्थांश मुलांनी काम वेळेत केलं. ज्यांनी ठरवलं नव्हतं, त्यांच्यात हे प्रमाण साधारण एक-तृतीयांशच होतं.

२) याचा मनाच्या शांतीशी काय संबंध?

अभ्यासाला बसलं की "प्रोजेक्ट राहिलाय", "गणिताचं ते प्रकरण राहिलंय" असे विचार मध्येच येतात, हा सगळ्यांचा अनुभव आहे. अर्धवट राहिलेलं काम मनात टोचत राहतं. मासिकाम्पो आणि बाउमाइस्टर या अमेरिकन संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिलं, की असं काम पूर्ण झालं नाही तरी ते कधी आणि कसं करणार याचा नक्की बेत आखला, की त्याची टोचणी कमी होते.

म्हणून "प्रोजेक्ट करायचाय" असं घोकत बसू नका. "शनिवारी दुपारी चार वाजता, जेवणाच्या टेबलावर" असं लिहून टाका. काम तेवढंच राहतं, पण डोकं मोकळं होतं.

३) दिवसाचा हिशेब मांडा

शाळेतल्या मुलाचा दिवस साधारण कसा असतो ते मांडून बघू. झोप ८ तास, शाळा ६ तास, क्लास आणि गृहपाठ ४ तास, जाणं-येणं १ तास, आंघोळ आणि जेवणखाण २ तास. झाले २१. उरले ३. खेळ, गप्पा, टीव्ही आणि मोबाईल हे सगळं या तीन तासांत बसवायचंय. मग एक तास व्यायाम आणि दोन तास जादा अभ्यास कुठे बसणार? बहुतेक मुलं तो वेळ झोपेतून काढतात. पण १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, असं झोपेचे तज्ज्ञ सांगतात. झोप कमी झाली की चिडचिड वाढते आणि वाचलेलंही लक्षात राहत नाही.

थोडक्यात, नवीन काही घ्यायचं असेल तर आधी जागा करावी लागते.

४) एक धरा, एक सोडा

आपली भाषाही हेच सुचवते. पूजेत संकल्प 'सोडतात'. पळीने हातावर पाणी घ्यायचं आणि ते ताम्हनात सोडायचं. दान देतानाही असंच पाणी सोडतात. ते सोडलं की त्या वस्तूवरचा आपला हक्क संपला. 'एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे' हा वाक्प्रचार तुम्ही व्याकरणात शिकलाच आहात.

म्हणून प्रत्येक संकल्पासोबत कशावर पाणी सोडणार, तेही लिहा. सकाळी अर्धा तास लवकर उठायचं असेल, तर रात्रीचा शेवटचा अर्धा तास मोबाईल सोडावा लागेल. रोज संध्याकाळी मैदानावर जायचं असेल, तर एखादी मालिका सोडावी लागेल. सोडायचं काहीच सापडत नसेल, तर तो संकल्प सध्या करू नका. त्यात कमीपणा काही नाही.

५) किती दिवस पाळायचा?

"वर्षभर" हा शब्दच घाबरवतो. आपल्या आजी-आजोबांची पद्धत बघा. चातुर्मासात, म्हणजे आषाढी ते कार्तिकी एकादशी, एखादाच नियम धरायचा. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी रोज एक अध्याय वाचतं. नियम छोटा आणि मुदत ठरलेली, म्हणून तो निभावतो.

लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा अभ्यास केला. नवी सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. पण माणसामाणसांत फरक मोठा होता, १८ पासून २५४ दिवसांपर्यंत. तेव्हा मैत्रिणीला जमलं आणि मला नाही, म्हणून खचू नका. याच अभ्यासात आणखी एक दिसलं : मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. चुकला दिवस तर दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायचं, एवढंच. १ जानेवारीपासून मोजलं तर ६६ वा दिवस मार्चच्या पहिल्या आठवड्यात येतो.

६) पालकांसाठी दोन शब्द

मुलाचा संकल्प तुम्ही लिहू नका. दिवस चुकला तर "बघ, मी म्हटलंच होतं" असं म्हणू नका. आणि जमलं तर तुमचाही एक संकल्प त्याच कागदावर लिहा. जेवताना घरातले सगळे मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवणं, एवढाही पुरे.

करून पाहा

वहीत ही पाच वाक्यं पूर्ण करा :

१. मी काय करणार : ...........
२. केव्हा (कोणत्या कामानंतर) : ...........
३. कुठे : ...........
४. त्यासाठी कशावर पाणी सोडणार : ...........
५. कोणत्या तारखेपर्यंत : ...........

पाचही जागा भरता आल्या, तर तुमचा संकल्प तयार झाला. चौथी जागा रिकामी राहिली, तर पुन्हा दिवसाच्या हिशेबाकडे जा आणि विचार करा.

सर्वांना नवीन वर्षाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!