समुद्राकाठच्या ताली आणि चिंक्वे तेर्रेची वाइन

वाइन म्हटली की द्राक्षांच्या लांबच लांब सपाट बागा डोळ्यांपुढे येतात. परंतु इटलीच्या वायव्य किनाऱ्यावर, लिगुरिया प्रांतात, बैल फिरवायलाही जागा नाही अशा डोंगरउतारावर शेकडो वर्षे वाइन होत आली आहे. या पट्ट्याचे नाव चिंक्वे तेर्रे. मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्निलिया, मानारोला व रिओमाज्जोरे ही त्यातली पाच गावे. येथे डोंगर सरळ समुद्रात उतरतो.

सुमारे हजार वर्षांपासून तेथील लोकांनी हा डोंगर पायरी-पायरीने फोडला. निघालेल्या दगडांच्या ताली घातल्या, मागे माती भरली आणि वेली लावल्या. तालीत चुना नाही, त्यामुळे पावसाचे पाणी फटींतून निघून जाते. मात्र एखादा दगड निसटला की तो वेळीच बसवावा लागतो. नाहीतर ताल फुगते, कोसळते आणि खालच्या तालीलाही घेऊन जाते. खारा वारा लागू नये म्हणून वेलींचे मांडव इतके बुटके ठेवीत की त्याखाली वाकून, कधी रांगत काम करावे लागे. माल वाहायचा तो माणसाच्या खांद्यावरून!

या कष्टाचे नाव मात्र दूरवर गेले. चौदाव्या शतकात बोकाच्चोने आपल्या 'डेकामेरॉन' या ग्रंथात कोर्निलियाच्या वाइनचा उल्लेख केला आहे.

येथील मुख्य वाण बोस्को, अल्बारोला आणि वेर्मेंतिनो. त्यांची नेहमीची पांढरी वाइन होतेच, पण खरी ख्याती आहे ती शाक्केत्रा या गोड वाइनची. आपण उसाचा रस उष्णता देऊन आटवतो. तेथे द्राक्षेच सावलीत, हवेशीर जागी सुकवतात. पाणी उडते, साखर दाट होते, मग रस काढून आंबवतात. अर्थात उतारा कमी पडतो. शंभर किलो द्राक्षांतून साधारण एक-तृतीयांश, म्हणजे तीस-पस्तीस लिटरच हाती लागते.

असे असता बागा ओस का पडल्या? कारणे एकामागून एक आली. शेजारच्या ला स्पेत्सिया येथे १८६९ साली नौदलाची मोठी गोदी सुरू झाली आणि १८७४ साली जेनोव्हा ते ला स्पेत्सिया रेल्वे झाली. बांधलेला पगार मिळू लागला, तरुण हात तिकडे वळले. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत फिलॉक्सेरा ही मुळांवरची कीड आली. ती मूळची अमेरिकेची, म्हणून उपायही अमेरिकन खुंटावर कलम करण्याचा. (आपले द्राक्ष बागायतदार डॉगरिज खुंट वापरतात तो मुख्यतः क्षार व पाणीटंचाईसाठी.) सगळी बाग नव्याने लावण्याची ताकद प्रत्येकात नव्हती. एकेकाळी हजार हेक्टरांहून अधिक असलेले द्राक्षक्षेत्र आज शंभर हेक्टरांच्या आसपास उरले आहे.

राहिले ते टिकवण्यासाठी १९७३ साली दोन गोष्टी झाल्या. या वाइनला सरकारी उगम-नामाचे संरक्षण मिळाले, म्हणजे दुसरीकडची वाइन या नावाने विकता येईना. आणि त्याच वर्षी शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली. एकट्याच्या चार-सहा ताली, त्यावर स्वतंत्र यंत्रे व विक्री कशी परवडणार? संस्था सभासदांची द्राक्षे घेऊन एकत्र वाइन करते व विकते. चढावर एकाच रुळावरून चालणारी छोटी दातेरी गाडी आली, तेव्हा खांद्यावरचे ओझेही हलके झाले.

१९९७ साली युनेस्कोने हा परिसर जागतिक वारशात घेतला. पर्यटक लोटले, परंतु पर्यटक ताल बांधत नाही. २५ ऑक्टोबर २०११ रोजी अतिवृष्टी झाली आणि चिखल-दगडांचा लोंढा वेर्नात्सा व मोंतेरोस्सो या गावांत घुसला. माणसे दगावली. ज्या उतारावर देखभाल सुटते तेथील माती अशा पावसात आधी सुटते, हे जाणकार पूर्वीपासून सांगत होते.

म्हणून तेथे बाटलीच्या किमतीत द्राक्षाबरोबर तालीचीही मजुरी निघाली पाहिजे. ती निघाली तर शेतकरी डोंगरावर राहील. शेतकरी राहिला तर ताल राहील, आणि ताल राहिली तरच खालचे गाव निर्धास्त झोपेल.