कुठल्या नळाला लावू?

नाशिकच्या इंदिरानगरातल्या एखाद्या फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत नीट बघा. भिंतीतून कधी दोन, कधी तीन नळ डोकावत असतात. एक महापालिकेच्या पाण्याचा, एक बोअरचा आणि गच्चीवर सोलर असेल तर गरम पाण्याचा. नवं वॉशिंग मशीन येतं, प्लंबर इनलेट पाइप हातात घेऊन विचारतो, "कुठल्या नळाला लावू?" आणि आपण बेफिकीर सांगतो, "जवळ असेल त्याला." अहो, जरा थांबा! या प्रश्नात भलत्याच गमती दडल्या आहेत.

पाइप मशीनला जिथं बसतो, त्याच्या आत एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पाण्याचा एवढा जोर अडवायला आत दणकट मोटर असेल, असं वाटेल. छे! आत असतो रबराचा एक पातळ पडदा आणि त्या पडद्याला सुईच्या टोकाएवढं भोक. भोकातून थोडं पाणी पडद्याच्या वर जातं. दाब दोन्हीकडे सारखाच होतो, पण वरच्या बाजूला पाण्याला दाबायला जागा जास्त मिळते, म्हणून पडदा घट्ट मिटतो. म्हणजे पाण्याला कोण अडवतं? पाणीच!

मशीनला पाणी हवं झालं की विजेची एक कॉइल पडद्याच्या मधोमध असलेली इवलीशी खीळ उचलते. वरचं पाणी निसटतं, तिथला दाब उतरतो आणि खालचं पाणी पडदा ढकलून आत घुसतं. दार उघडणारंही पाणीच. कॉइलचं काम फक्त खीळ उचलण्याचं.

पण या युक्तीला दाब लागतो. बऱ्याच मशिनांच्या पुस्तिकेत निदान ०.३ बार मागितलेला असतो. पाण्याचा स्तंभ दहा मीटर उंच असेल तर साधारण १ बार, म्हणजे ०.३ बारसाठी टाकीतलं पाणी मशीनपेक्षा तीन मीटर तरी वर हवं. टाकी पाच हजार लिटरची आहे की पन्नास, याला काडीची किंमत नाही. मोजायची ती उंची! म्हणून तळमजल्यावर मशीन धबाधबा भरतं आणि टाकीच्या थेट खाली राहणाऱ्यांकडे तेच मशीन पाणी नसल्याची तक्रार करत बसतं. नळाखाली बादली मात्र झकास भरते, कारण बादलीला व्हॉल्व्ह नसतो. दाब फारच कमी असेल तर पडदा नीट मिटतही नाही आणि बंद मशीनमध्ये पाणी झिरपत राहतं.

सोलरचा नळ तर सोडूनच द्या. एकच इनलेट असलेलं मशीन थंड पाण्यासाठी बनवलेलं असतं. शिवाय कडकडीत पाण्यात पावडरीतली एन्झाइम्स निकामी होतात आणि रक्ताचे, दुधाचे डाग कापडात पक्के बसतात.

उरले दोन नळ. गंगापूर धरणाचं पाणी ब्रह्मगिरीच्या बाजूनं जमिनीवरून वाहत येतं, त्याला खडकाशी गप्पा मारायला वेळच नसतो. बोअरचं पाणी मात्र मुरतं. पाऊस हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आंबट होतो आणि सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या काळ्या कातळातून कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेतो. हेच जड पाणी. साबणाचा फेस होत नाही, पांढुरका साका होतो. ते तापवलं की हीटरवर चुन्याचं पुट चढतं.

पण खरी कमाल पुढेच आहे. इंदिरानगरापासून जवळच पांडवलेणीचा डोंगर. त्या परिसरातल्या खाणींत खडकाच्या पोकळ्यांत सापडणारे झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात तर ते डोळे भरून बघता येतात. काही झिओलाइटच्या जाळीत सोडियम बसलेलं असतं. कॅल्शियम आलं की पंचवटी एक्सप्रेसमध्ये सीटची अदलाबदल व्हावी तसं सोडियम उठतं आणि कॅल्शियम तिथं बसतं. पाणी मऊ! आणि काही कपड्यांच्या पावडरींत हेच काम करायला कारखान्यात बनवलेलं झिओलाइट घालतात. ज्या कातळानं पाणी जड केलं, त्याच्याच पोकळ्यांत ते मऊ करणाऱ्या खनिजाचे भाऊबंदही तयार झाले होते!

तेव्हा महापालिकेच्या पाण्याची टाकी पुरेशी उंच असेल, तर प्लंबरला बिनधास्त तीच लाइन दाखवा. टाकी अगदी डोक्यावरच असेल तर छोटा प्रेशर पंप बसवा. आणि बोअरशिवाय इलाजच नसेल, तर पावडर थोडी जास्त घाला, इनलेटची जाळी अधूनमधून काढून धुवा आणि शक्यतो थंड पाण्याचाच प्रोग्रॅम लावा.