कोळसुंद्याची अक्कल

तुमचे गाव संगमेश्वर, चिपळूण किंवा खेड तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी असेल, तर घरातल्या आजोबांना एकदा विचारा, "आजोबा, तुम्ही कोळसुंदा पाहिलात का हो कधी?" कदाचित उत्तराबरोबर एक गोष्टही ऐकायला मिळेल. कोळसुंदे झुडपांवर मुतून ठेवतात, त्या झुडपांतून धावणाऱ्या जनावराचे डोळे जातात आणि आंधळे झालेले सावज त्यांच्या तावडीत आयते सापडते! वाघसुद्धा या युक्तीला भितो म्हणे.

मुताने जनावर आंधळे होत नाही, हे तुम्हाला सांगायला नकोच. पण ही गोष्ट रचणाऱ्याची नजर मात्र तीक्ष्ण असली पाहिजे. कोळसुंदे खरोखरच झुडपांवर मूत्राने खुणा करतात. कधी कधी तर पुढच्या दोन पायांवर तोल सावरून मागचे दोन्ही पाय हवेत उचलतात आणि सर्कशीतल्या कसरतपटूसारखे उभे राहून ही खूण उंचावर करतात. त्या वासाने इतरांना निरोप मिळतो. कोणीतरी रानात हे दृश्य पाहिले असेल, आणि पुढचे कल्पनेने भरून काढले असेल.

कोळसुंदा म्हणजे रानकुत्रा. कोळसून हेही त्याचेच नाव. हे मराठी नाव फार पूर्वीच लंडनला जाऊन पोहोचले. मुंबई इलाख्याच्या सैन्यातील साइक्स नावाच्या अधिकाऱ्याने १८३१ मध्ये दख्खनच्या प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. तीत त्याने या प्राण्याला 'कॅनिस डुखुनेन्सिस', म्हणजे दख्खनचा कुत्रा, असे शास्त्रीय नाव दिले आणि मराठे याला कोळसून म्हणतात, अशी नोंद केली. पण पॅलास या शास्त्रज्ञाने रशियाच्या पूर्व टोकाकडील याच प्राण्याचे वर्णन १८११ मध्येच करून ठेवले होते. म्हणून आज त्याचे शास्त्रीय नाव 'क्युऑन आल्पिनस' असे आहे.

हा आपल्या गावकुत्र्याचा रानात गेलेला भाऊ आहे, असे मात्र समजू नका. नाते आहे, पण दूरचे. गावकुत्र्याला ४२ दात असतात, कोळसुंद्याला ४०. खालच्या जबड्यातील दोन्ही बाजूंची शेवटची दाढ त्याला नसते. कुत्रीला साधारणपणे स्तनांच्या पाच जोड्या असतात, तर कोळसुंद्याच्या मादीला सहा-सात. अंगाचा रंग तांबूस, कान गोलसर आणि शेपूट झुपकेदार व काळे. कोल्ह्याचा रंग मळकट असतो व त्याच्या शेपटाचे फक्त टोक काळे असते. ही एवढी खूण लक्षात ठेवलीत तर तुमची फसगत होणार नाही. आणि भुंकण्याचे म्हणाल, तर कोळसुंदे एकमेकांना हाक मारायला भुंकत नाहीत. चक्क शीळ घालतात! दाट रानात दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. शिकारीच्या धावपळीत कळप पांगतो आणि मग या शिळांच्या आधाराने पुन्हा एकत्र येतो. प्रत्येकाची शीळ थोडी वेगळी असते, असेही अभ्यासकांना आढळले आहे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. कोळसुंदा हुशार आहे का?

एका कोळसुंद्याचे वजन पंधरा किलोच्या आसपास. शंभर-दीडशे किलोची सांबरी तो एकटा कशी लोळवणार? बंडीपूरच्या जंगलात १९७६ ते १९७८ या काळात डॉ. ए. जे. टी. जॉनसिंग यांनी कोळसुंद्यांचा मागोवा घेतला. झाडांवर बसून, पायी हिंडून त्यांनी जे पाहिले ते फार मोलाचे आहे. कधी सगळा कळप ओळीने पसरून झाडीतून पुढे सरके. ज्याला सावज दिसेल तो हल्ला सुरू करी व बाकीचे त्याला येऊन मिळत. कधी मात्र काही जण झाडीच्या कडेला थांबत आणि उरलेले आत शिरून सावजाला त्यांच्याकडे पिटाळत. कोकणातली 'हाक्या'ची शिकार ज्यांनी ऐकली असेल, त्यांना हे लगेच ओळखू येईल. हाकारे रान उठवतात आणि बंदूकवाले मोक्यावर बसतात, तोच हा प्रकार!

मग कोळसुंदे आदल्या रात्री बसून बेत करतात काय? तसे मानण्याचे कारण नाही. 'पुढच्याने हाकलले की सावज इकडून निघते' एवढे अनुभवाने कळलेला एकेक प्राणी आपापल्या जागी थांबला, तरी लांबून पाहणाऱ्याला ती योजनाच दिसेल. मला तर वाटते, यांची अक्कल एकेकट्याच्या डोक्यात शोधायला जाणे हीच चूक आहे. ती कळपात वाटलेली असते.

पिल्लांचा सांभाळ पाहा. कळपात बहुधा एकच मादी विते, पण घर सगळे चालवतात. कोणी बिळापाशी राखण करतो, तर शिकारीहून परतलेले पोटातले मांस ओकून आईला व पिल्लांना भरवतात. पिल्ले बिळाबाहेर पडून शिकारीपर्यंत येऊ लागली, की त्यांना आधी खाऊ दिले जाते आणि मोठे बाजूला उभे राहतात. सात-आठ महिन्यांची झाली, की ती मोठ्या सावजामागे धावू लागतात.

इतके असूनही कोळसुंद्याइतकी बदनामी क्वचितच कोणा प्राण्याच्या वाट्याला आली असेल. रडयार्ड किपलिंगच्या मोगलीच्या गोष्टींत लांडगे प्रेमळ आणि दख्खनमधून येणारे तांबडे कुत्रे मात्र दुष्ट! साहेबांच्या शिकारी मंडळींना तर ते क्रूरच वाटत, कारण कोळसुंदे सावज पुरते मरण्याआधीच खायला लागतात. पण बिबट्यासारखा गळा आवळून धरण्याची ताकद त्या लहानशा जबड्यात नाही. शिवाय रेंगाळले तर तोच बिबट्या येऊन शिकार हिसकावणार. तेव्हा शक्य तितक्या लवकर खाऊन मोकळे होणे, हाच त्यांना मार्ग उरतो. हे कोणी ध्यानात घेतले नाही. रानकुत्रा मारून दाखवणाऱ्याला सरकार बक्षीस देई. मेलेल्या गुरात विष घालूनही कळप मारले जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हे बक्षीस बंद झाले.

विषाचा घाव कळपावर कसा बसत असेल, याचा विचार करा. एक मेलेले वासरू सगळे मिळून खातात. हाकारे, मोक्यावर थांबणारे, बिळाची राखण करणारे असे सगळेच एका दिवसात जातात. चुकून एखाद-दुसरे पिल्लू वाचलेच, तर त्याला वाट दाखवणारा कोणी उरत नाही.

आज सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, म्हणजे कोयना आणि चांदोलीच्या रानात, कोळसुंदे आहेत. प्रचितगडाच्या बाजूला हे रान आपल्या रत्नागिरी जिल्ह्याला येऊन भिडते. जगात मात्र पिल्ले वाढवणारे प्रौढ कोळसुंदे हजार ते दोन हजारांच्या आसपासच असावेत, असा २०१५ चा अंदाज आहे. माणसावर ते सहसा हल्ला करीत नाहीत. शेळी-वासरू मात्र अधूनमधून उचलतात, आणि ज्याचे वासरू गेले त्याचा राग खोटा नसतो.

आता एक नवे संकट आपल्याच अंगणातून निघाले आहे. गावकुत्री रानाच्या कडेला भटकतात. रेबीज आणि डिस्टेंपर हे त्यांचे रोग कोळसुंद्यांनाही होतात, आणि एकाच सावजावर तोंडे लावणाऱ्या कळपात ते झपाट्याने पसरतात. तुमच्या घरी कुत्रा असेल, तर त्याला रेबीजची लस टोचली आहे की नाही हे आजच विचारा. त्या लशीने तुमचे रक्षण होईलच, शिवाय घाटावरच्या रानातल्या त्या शीळ घालणाऱ्यांचेही होईल.