झाडाच्या मुळापासून बनतो बाणांचा भाता, तोही एकही जोड न देता! कसा? समजून घ्या

नवीन फोन घेतला की आपण सगळ्यात आधी काय करतो? कव्हर घालतो. फोन पडला तर फुटू नये म्हणून. आज मी ज्या कव्हरबद्दल सांगणार आहे त्याचं काम मात्र उलटं आहे. आतल्या वस्तूला तुमच्यापासून वाचवायचं नाहीये, तुम्हाला आतल्या वस्तूपासून वाचवायचंय.

झालं असं की एकदा रात्री ऑफिसचं बिल्ड चालू होतं आणि वेळ काढायला मी 'द हंटर्स' ही १९५७ची जुनी डॉक्युमेंटरी लावली. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटात राहणारे सान लोक त्यात एका जिराफाची शिकार करतात. माझं लक्ष जिराफापेक्षा शिकाऱ्यांच्या खांद्याला लटकलेल्या नळीवर अडकलं. गोल, सरळ आणि कुठेही शिवण नाही. आपल्याकडे पीव्हीसी पाईप असतो ना, तशी. वाळवंटात पाईप कुठून आला?

उत्तर आहे झाडाच्या मुळातून. नामिबिया आणि बोत्सवानाच्या सीमेवर सान लोकांपैकी जुहोआन्सी हा समाज राहतो (या नावाच्या मधोमध जीभ वरच्या दातांच्या मागे लावून काढायचा एक 'टच्' असा आवाज आहे, त्याला आपल्या लिपीत अक्षरच नाही). तिथे बाभळीच्या जवळचं एक काटेरी झाड वाढतं. शास्त्रीय नाव व्हॅचेलिया ल्युडेरिट्झी. आपली गावाकडची बाभूळ म्हणजे व्हॅचेलिया निलोटिका, म्हणजे आडनाव एकच! या झाडाचं सरळ, जाड मूळ शोधून खणतात, बाणाच्या लांबीला पुरेल एवढा तुकडा कापतात आणि निखाऱ्यांत, गरम राखेत फिरवत फिरवत भाजतात. मग काठीने चहूबाजूंनी हलकेच ठोकतात आणि आतलं लाकूड पिळून बाहेर ओढतात. हातात उरते सालीची अख्खी नळी.

साल सुटते कशी?

इथे खरी गंमत आहे. झाडाची साल आणि लाकूड यांच्यामध्ये जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो, त्याला कॅम्बियम म्हणतात. झाड जाड होतं ते या थरामुळे. आतल्या बाजूला तो लाकूड बनवतो, बाहेरच्या बाजूला साल. या पेशींच्या भिंती नाजूक असतात आणि आत पाणी भरलेलं असतं. म्हणजे सगळ्या मुळात सगळ्यात कच्चा जोड हाच. गरम केलं की पाण्याची वाफ होते, पेशी फुटतात, पकड सुटते. ठोकल्यावर उरलेली पकडही जाते.

आमच्या घरी डाळिंबाची बाग आहे. वडील पावसाळ्यात गुटी कलम करतात तेव्हा फांदीवरची बोटभर रुंद साल गोल कापून काढतात. जुलैमध्ये ती केळ्याच्या सालीसारखी निघते, कारण झाड जोमात वाढत असतं आणि तो थर ओला, मऊ असतो. उन्हाळ्यात हेच करायला गेलं तर चाकूने खरवडत बसावं लागतं. लहानपणापासून हे बघत होतो, पण कारण विचारायचं कधी सुचलं नाही. जे काम आपल्याकडे पाऊस करतो, ते कालाहारीत निखारे करतात.

हे वाचून कुणी घरामागच्या झाडाच्या खोडावर चाकू चालवू नका बरं का. पानांत तयार झालेलं अन्न सालीतूनच खाली मुळांकडे जातं. खोडाची साल गोल काढली की हा रस्ता बंद होतो, मुळं उपाशी राहतात आणि झाड हळूहळू मरतं. गुटीत आपण याच गोष्टीचा फायदा घेतो, अन्न काप घेतलेल्या जागेवर अडतं आणि तिथे नवी मुळं फुटतात. पण तो प्रकार एका फांदीपुरता असतो. बाजूचं एखादं मूळ कापल्यावर झाड तगतं, गोल सोललेलं खोड तगत नाही.

मी करून बघितलं, आणि फसलो

मागच्या पावसाळ्यात रस्त्याच्या कामात तोडलेली बाभळीची एक ओली फांदी मिळाली. मूळ खणायची हिंमत नव्हती. पहिला तुकडा सरळ जाळात धरला, एक बाजू कोळसा आणि दुसरी कच्ची. दुसरा तुकडा आजीने चुलीतल्या राखेत घालून सतत फिरवायला लावला. "अरे, वांगं भाजतोयस असं समज," म्हणाली. पंधरा-वीस मिनिटांनी ठोकून पिळल्यावर वीतभर नळी खरंच निघाली! मी लगेच व्हिडिओ काढून मित्रांना पाठवला. दोन दिवसांनी तीच नळी उन्हात वाळून टोकापासून टोकापर्यंत उभी चिरली.

मग परत त्या भात्यांचे फोटो झूम करून बघितले. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना काहीतरी गच्च गुंडाळलेलं दिसतं. जनावराच्या पाठीतून काढलेले पांढरे, चिवट स्नायूंचे धागे ओले असतानाच गुंडाळतात. बुडाला ओलं कच्चं कातडं चढवतात. दोन्ही गोष्टी वाळल्या की आकसतात आणि साल आवळून धरतात. साल वाळताना तडा बहुतेक टोकापासून सुरू होतो, म्हणून आवळायचंही तिथेच. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आम्ही पाईपवरच्या ताणाची गणितं सोडवली होती, पेपरात मार्कही मिळाले होते. चूल पेटवताना त्यातलं काहीही आठवलं नाही.

पण एवढा खटाटोप कशासाठी?

साधी कातड्याची पिशवी चालली असती की! नाही चालत, कारण बाण विषारी असतात. डायाम्फिडिया नावाच्या भुंग्याच्या अळ्या जमिनीत कोष करून राहतात. त्या खणून काढतात आणि त्यांच्या अंगातला रस बाणाला लावतात. हे विष रक्तातल्या लाल पेशी फोडतं. त्यावर उतारा नाही. म्हणूनच विष टोकाला लावत नाहीत, टोकाच्या मागच्या दांडीवर लावतात, म्हणजे चुकून टोक बोटाला टोचलं तरी विष रक्तात जाऊ नये. ही झाली पहिली सेफ्टी. दुसरी सेफ्टी म्हणजे ही कडक नळी आणि तिचं झाकण. धावताना, झुडपातून वाकताना, रात्री लेकरं शेजारी झोपलेली असताना मऊ पिशवीतून टोक बाहेर आलं तर? टणक सालीतून ते येत नाही.

बाणाची रचनाही सुटे भाग जोडल्यासारखी आहे. टोक, छोटी जोडदांडी, गवताच्या नळीचा तुकडा आणि मग मुख्य दांडी. जनावर पळताना झुडपाला घासलं तरी मागची दांडी गळून पडते आणि विषाचा भाग आतच राहतो. बाण हलका असतो, त्याला पिसं नसतात, त्यामुळे फार लांब जात नाही. शिकाऱ्याला जवळ जावं लागतं, आणि मोठं जनावर पडेपर्यंत कधीकधी काही दिवस माग काढावा लागतो.

एक गोष्ट मला सगळ्यात आवडली. जुहोआन्सींमध्ये मांसाचं वाटप करायचा मान बाण मारणाऱ्याला मिळत नाही, ज्याचा बाण असतो त्याला मिळतो. लोक एकमेकांना बाण देतात, त्यामुळे एकाच भात्यात चार जणांचे बाण असू शकतात. म्हणजे नेम चांगला असलेला माणूस एकटाच मोठा होत नाही. शिकारीला जाता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचा बाणही त्या दिवशी घर चालवतो.

दक्षिणेकडे थोडा वेगळा जुगाड दिसतो. तिथल्या कोरफडीच्या जातीच्या एका झाडाच्या फांद्यांचा गर मऊ असतो, तो कोरून काढायचा की भाता तयार. १६८५ साली डच अधिकारी सायमन व्हान डेर स्टेल याने याची नोंद केली. झाडाचं नावच 'कोकरबूम' पडलं, म्हणजे भात्याचं झाड. नामिबियाच्या ५० सेंटच्या नाण्यावर हेच झाड आहे.

नामिबियातल्या न्याय न्याय भागात १९९८मध्ये जुहोआन्सींचं स्वतःचं संवर्धन क्षेत्र नोंदलं गेलं आणि तिथे ते आजही धनुष्यबाणाने शिकार करू शकतात. बोत्सवानात २०१४ला शिकारबंदी आली होती, ती २०१९मध्ये उठली. बरेच भाते आता पर्यटकांना विकण्यासाठी बनतात. त्यातल्या बाणांना अर्थातच विष नसतं.

माझी चिरलेली नळी टेबलावर आहे. दोन्ही टोकांना सुतळी गुंडाळलीय, आत पेनं ठेवतो. पुढच्या पावसात राखेतून काढल्या काढल्या ओली असतानाच टोकं बांधून बघणार आहे. तुमच्या भागात सालीची पिपाणी, दोर किंवा आणखी काही बनवत असतील तर कमेंटमध्ये सांगा, झाडाचं नाव मात्र तुमच्याकडच्या बोलीतलंच लिहा.